अडतीस नंबरची सात मिनिटं

रकाना अरुंद होता म्हणून इतके दिवस तारखा दिसतच नव्हत्या. तारखेच्या जागी नुसत्या फुल्यांच्या जाळ्या, एकाखाली एक, दोनशे चाळीस ओळी. दुपारी दोनच्या बैठकीत वाटायचे ताव छापायला टाकण्याआधी, केवळ दिसायला बरं दिसावं म्हणून, डार्लीन बोयकोनं त्या रकान्याच्या कडेवर दोनदा क्लिक केलं. रकाना रुंद झाला आणि तारखा उघड्या पडल्या. ती सहज खाली खाली गेली. शेवटच्या ओळीशी पोचली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. नऊ फेब्रुवारी, पाच वर्षांपूर्वीचा. मार्ग अडतीस. सुटण्याची वेळ चार-दहा. लागलेली मिनिटं चौऱ्याण्णव. चढलेली माणसं एकशे एकतीस.

"एकशे एकतीस?" ती मोठ्यानं म्हणाली. पलीकडच्या टेबलावरचा माणूस कानातला इअरफोन काढून बघायला लागला, तेव्हा तिनं त्याला हातानंच 'काही नाही' म्हटलं. एकशे एकतीस? छे! एकोणीस होते. एकोणीस. ती जगातलं सगळं विसरेल, आईचा वाढदिवस विसरेल, गॅरेजच्या दाराचा आकडा विसरेल, पण त्या संध्याकाळी अडतीस नंबरच्या बसमध्ये एकोणीस माणसं होती हे तिला मेल्यावरही आठवेल. वरच्या आरशात तिनं ती मोजली होती. एकदा नव्हे, चार-पाचदा. मोजण्यावाचून दुसरं काही करायला उरलंच नव्हतं त्या वेळी. आणि इथे हा ताव, तिच्या नाकासमोर, इस्त्री केल्यासारखा, ढळढळीत खोटं बोलत होता.

ट्रेव्हर, ती मनात म्हणाली. दुसरं कोण? ट्रेव्हर फॅलन, वेळापत्रक विभागाचा प्रमुख, वय अडतीस, दात पांढरे, आयुष्यात कधी बस चालवलेली नाही. यानंच काहीतरी कालवाकालव केलीय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या तावाच्या जिवावर आज दोन वाजता अडतीस नंबरच्या शेवटच्या थांब्यावरची सात मिनिटं दोन होणार होती, त्याच तावात खोटं घालून ठेवलंय बेट्यानं. सात मिनिटं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगावं? क्वारी लूपला गाडी पोचते, तिथून परत सुटायच्या आधीची सात मिनिटं. त्या सातात खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा, कपडे धुण्याच्या त्या दुकानात शिरायचं, मालकिणीकडून किल्ली मागायची, मागच्या बाजूला जायचं, आणि परत यायचं. उशिरा पोचलात तर सातातली चार वाटेतच खाल्लेली असतात. शहराच्या या टोकाला दुसरा संडास नाही. सात मिनिटं म्हणजे तेवढंच, माणसासारखं बसायला मिळणं. आणि त्यांची दोन होणार होती, कारण रेषा फार छान आली होती.

रेषा. तिला ती रेषा पहिल्यांदा दिसली तो दिवस आठवला आणि आणखीनच चीड आली, कारण त्या दिवशी ती खूश होती. ऑफिसात येऊन तिला चार वर्षं झालेली. मध्ये काही महिने रजा, आणि त्याआधी एकवीस वर्षं स्टिअरिंग. वर आल्यावर तिला कुणी काही शिकवलं नाही. कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात, स्वतःच्या पैशानं, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून ती कॉम्प्युटरच्या शीटवर गणितं करायला शिकली. दोन रकाने निवडायचे, ठिपक्यांचा आलेख काढायचा, त्या ठिपक्यांतून एक सरळ रेषा घाल म्हणून शीटला सांगायचं, आणि एका चौकटीत खूण केली की रेषेशेजारी आर स्क्वेअर म्हणून एक आकडा येतो. तो शून्याजवळ असला तर रेषा म्हणजे नुसती थाप, एकाजवळ असला तर काळ्या दगडावरची रेघ. ट्रेव्हरनं तिला सांगितलं होतं, अडतीस नंबरच्या पाच हिवाळ्यांच्या दोनशे चाळीस फेऱ्या घे, किती माणसं चढली आणि किती मिनिटं लागली ते एकमेकांशी लावून बघ. माणसांवरून मिनिटं नीट सांगता येत असतील तर शेवटच्या थांब्यावर एवढी मोकळी मिनिटं ठेवायची गरजच काय? ती मिनिटं ठेवलेली असतात कशासाठी, तर कधी बावन्न मिनिटं लागतात, कधी सत्तर लागतात, काही भरवसा नसतो म्हणून. भरवसा आला की मिनिटं गेली. हे ऐकताना तिला कळलं होतं. अगदी कळलं होतं. तरी तिनं ते काम घेतलं, कारण चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला डोक्याचं काम दिलं होतं.

आणि आकडा आला ०.९६. ट्रेव्हर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. ठिपके कसे, शाळेतली शिस्तीची पोरं रांगेत उभी असावीत तसे. "एका माणसामागे पंचवीस सेकंद!" तो म्हणाला. "डार्लीन, तू तर छुपी रुस्तम निघालीस!" दुसऱ्या दिवशी त्यानं डोनटचा खोका आणला. त्यातला मेपलवाला तिच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. ती लाजली होती. छप्पन वर्षांची बाई, एका डोनटासाठी! आता तो डोनट तिला घशाशी आल्यासारखा वाटला. त्यानं तिच्या पाठीमागे आकडे फिरवले, आणि वर तिला गोड खाऊ घातलं. आणि ती खात बसली, बावळटासारखी, बोटं चाटत.

तिनं कोट उचलला आणि खाली गॅरेजकडे निघाली. तिथे बसायचं म्हणजे डोकं फुटायची वेळ. जिन्यात डिझेलचा वास आला आणि त्याबरोबर तो दिवसही आला. येऊ नको म्हटलं तरी येतो तो, पाच वर्षं असाच येतोय. उणे एकतीस. सकाळपासून बर्फ आडवं उडत होतं, दुकानं दुपारीच बंद झालेली, जो तो घरी पळालेला. म्हणून तर एकोणीसच. सकाळी अकरा-वीसनंतर ती संडासला गेलीच नव्हती; दोन फेऱ्या उशिरानं आल्या, दोन्ही टोकांची मिनिटं वाटेतच संपली, कंट्रोल रूम रेडिओवरून म्हणत होती, निघ, डार्लीन, निघ, मागे रांग लागलीय. ती निघाली. वर एक मोठा कप कॉफी घेतलेली, झोप येऊ नये म्हणून. आणि मिल रस्त्याच्या रेल्वे फाटकाला मालगाडी आडवी येऊन थांबली. इथे हे नेहमीचंच. मालगाडी शंभर-सव्वाशे डब्यांची, थांबली की थांबली, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. धान्याचे डबे, एकामागून एक, बर्फात करडे दिसणारे. दहा मिनिटं. वीस. प्रवासी आत असताना ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, हा नियम. सोडून जाणार तरी कुठे? दोन्ही बाजूंना मोकळं माळरान आणि बर्फ. मांड्या आवळून, ओठ चावून, ती डबे मोजत होती. मग डबे संपले, म्हणजे दिसत होते तेवढे संपले, म्हणून माणसं मोजायला लागली. जांभळी टोपी घातलेली एक बाई. दोन नर्स. केकचा खोका मांडीवर घेतलेला एक माणूस. एक म्हातारा, अगदी पुढच्या सीटवर. एकोणीस. पुन्हा मोजली, एकोणीस. आणि मग झालं. आधी ऊब आली. तिला आठवतं, क्षणभर बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची लाज तिला नंतरच्या थंडगार होण्यापेक्षा जास्त वाटते. हीटर पुढून होता. वास पुढून मागे गेला. पुढच्या म्हाताऱ्यानं हात वर केला आणि उणे एकतीसमध्ये खिडकी दोन बोटं उघडली.

या शहरात उतरताना लोक ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. भांडखोर असो, प्यालेला असो, म्हणतोच. त्या दिवशी क्वारी लूपला एकोणीसच्या एकोणीस माणसं मागच्या दारानं उतरली. फक्त जांभळी टोपी मागच्या पायरीवर थांबून, मान न वळवता, "थँक यू, डियर" म्हणाली. डार्लीनला तिचाच सगळ्यांत जास्त राग आला. अजून येतो. गॅरेजला येऊन तिनं काचा पुसायच्या निळ्या पाण्यानं सीट धुतली, आणि धुणाऱ्या माणसाला सांगितलं, कॉफी सांडली. नवऱ्याला, रॉनला, सांगितलं, गुडघा गेला, आता नाही चालवणार. तेव्हापासून रॉन रोज रात्री टीव्हीसमोर तिच्या उजव्या गुडघ्याला मलम चोळतो, मन लावून चोळतो, आणि ती न दुखणारा गुडघा त्याच्यापुढे करून बसते. कधीकधी तिला वाटतं त्याच्या हातावर फटका मारावा. त्याचा काय दोष? काही नाही. म्हणूनच मारावासा वाटतो.

खाली जेवणाच्या खोलीत नेनिता ओकाम्पो एकटीच बसली होती. पेन्शनला दोन वर्षं राहिलेली, चार फूट अकरा इंच उंचीची, अडतीस नंबर आता तीच चालवायची. डब्यातला भात आणि तळलेला मासा ती हातानं खात होती, आणि पाण्याची बाटली शेजारी बूच न उघडलेली.

"या, या, वरच्या मजल्याच्या बाईसाहेब," नेनिता म्हणाली. "आज कशी वाट वाकडी केलीत?"

"पाणी का नाही पीत?"

"पहाटे पाचनंतर नाही पीत मी. तुला ठाऊक नाही होय? विसरलीस वाटतं वर जाऊन." तिनं माशाचा काटा डब्याच्या कडेला ठेवला. "आता म्हणतात सातची दोन करणार. दोन! अगं, माझा तो कोट, आतला स्वेटर, त्याच्या आतला पट्टा, हे सोडायलाच दोन मिनिटं जातात. मग काय पट्टा हातात धरून गाडी चालवू?"

डार्लीनला हसू आलं.

"हसतेस काय! डॉक्टर म्हणाला, बाई, पाणी प्या, मूत्रपिंडाला सूज आहे. मी म्हटलं, तू ये माझ्याबरोबर अडतीस नंबरवर, मग पिऊ दोघं." नेनितानं बोटं चाटली. "कुठल्या गाढवानं काढलंय हे गणित, एकदा दाखव मला. सोलून काढते त्याला."

"दाखवीन," डार्लीन म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर ट्रेव्हरचे पांढरे दात होते. आज दोन वाजता, सगळ्यांसमोर, ती त्याला उभा-आडवा घेणार होती. मनातल्या मनात तिची वाक्यं तयार होती. आकडे फिरवतोस? माणसं फिरवतोस?

वर येऊन तिनं दाराच्या मोजणीच्या मूळ नोंदी पुन्हा उतरवून घेतल्या. गाडीच्या दारावर एक डोळा असतो, चढणारा प्रत्येक माणूस तो मोजतो. नऊ फेब्रुवारी, चार-दहा: चौऱ्याण्णव मिनिटं, माणसं एकोणीस. बघा! पुराव्यानिशी! तिनं टेबलावर मूठ आपटली. मग तिनं दुसऱ्या ओळी ताडून बघितल्या. मिनिटं सगळीकडे जुळत होती. तारखा जुळत होत्या. माणसं कुठेच जुळत नव्हती, पण आकडे तर सगळे तेच होते. एकशे एकतीस होता, पण तो एका डिसेंबरातल्या एकसष्ट मिनिटांच्या फेरीचा होता. एकोणीस होता, पण तावावर तो वरच कुठेतरी, सत्तेचाळीस मिनिटांच्या फेरीशेजारी जाऊन बसला होता. एकही माणूस हरवला नव्हता. फक्त जो तो दुसऱ्याच्याच गाडीत बसला होता. वरून खाली, तावावरचे माणसांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. मिनिटंही लहानापासून मोठ्यापर्यंत. हे कुणी मुद्दाम फिरवलेलं नव्हतं. हे कुणीतरी नीटनेटकं करून ठेवलं होतं.

आणि तेव्हा तिला स्वतःचा हात आठवला. तो पहिला दिवस. पहिल्यांदा आलेख काढला तेव्हा ठिपके सांडलेल्या तांदळासारखे पसरले होते, रेषा त्यातून कशीबशी गेलेली. तिला वाटलं आपल्याकडूनच काहीतरी चुकलं. वर्गात सरांच्या रेषा कशा ठिपक्यांतून नेमक्या जायच्या. ट्रेव्हर येईल आणि बघेल, म्हणेल, बस चालवणाऱ्या बाईला कशाला हे काम दिलं. मग तिनं सगळं आवरायला घेतलं. आधी सबंध ताव मिनिटांप्रमाणे लावला. मग म्हटलं, माणसंही लावून घेऊ. माणसांचा रकाना निवडला, चढत्या क्रमानं लाव म्हटलं. शीटनं विचारलं होतं. बिचाऱ्यानं विचारलं होतं! मध्ये चौकट आली होती: शेजारच्या रकान्यांसकट लावू, की एवढाच रकाना लावू? तिनं 'एवढाच' दाबलं. घाईत, वाचलं न वाचलं करून, कारण चौकटी नेहमीच काहीबाही विचारत असतात. मग पुन्हा आलेख काढला आणि रेषा अशी आली की तिला वाटलं, जमलं बाई एकदाचं. मोठं आणि मोठं शेजारी बसवलं, लहान आणि लहान शेजारी बसवलं, तर रेषा सरळ येणार नाही तर काय होणार? शेंबड्या पोरालासुद्धा कळेल. गाढव तीच होती. नेनितानं सोलायचं ठरवलेली बाई तीच होती.

राग कुठे गेला नव्हता. त्यानं फक्त तोंड फिरवलं होतं आणि आता तो तिच्याच अंगावर आला होता. एकवीस वर्षं तू चालवलीस. तुला ठाऊक होतं. माणसं जास्त म्हणून उशीर होत नाही. उशीर मालगाडीनं होतो, बर्फानं होतो, बाबागाडी दारात अडकते त्यानं होतो, चिल्लर शोधणाऱ्या म्हाताऱ्यानं होतो. एका माणसामागे पंचवीस सेकंद म्हणे! आणि तू तो आकडा खरा मानलास, कारण तो तुझ्या हातून आला होता, आणि एका पांढऱ्या दातवाल्यानं पाठ थोपटली होती. तिनं खऱ्या आकड्यांवरून आलेख पुन्हा काढला. तांदूळ सांडले. आर स्क्वेअर ०.२२. म्हणजे रेषेला काहीच ठाऊक नव्हतं. सात मिनिटं पाहिजेतच. सात कसली, दहा पाहिजेत.

ट्रेव्हरच्या खोलीत ती दोन्ही ताव घेऊन गेली तेव्हा पाऊण वाजला होता.

"ये, ये, बस ना. गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याचं सोड. हे बघ."

त्यानं बघितलं. एक ताव, मग दुसरा. अर्ध्या मिनिटात त्याच्या भुवया वर गेल्या. "अरेच्चा," तो म्हणाला. "रकाना सुटा लावलाय. हे कुणी केलं?"

"मी."

अर्धं मिनिट! डार्लीन त्याच्याकडे बघत राहिली. अर्ध्या मिनिटात कळलं याला. म्हणजे सहा आठवड्यांपूर्वी यानं अर्धं मिनिट दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण तेव्हा तो डोनट आणायला गेला होता. रेषा उलटी आली असती, सातची बारा करा म्हणून आली असती, तर यानं ती दहा वेळा तपासली असती, दहा जणांकडून तपासून घेतली असती. पाहिजे होतं ते उत्तर आलं म्हणून कुणी वळून बघितलं नाही. तिला जरा बरंही वाटलं, कारण आता राग सगळा तिच्या एकटीच्या वाट्याचा राहिला नव्हता.

"ठीक आहे," ट्रेव्हर आवाज खाली आणून म्हणाला. "चूक प्रामाणिक आहे. कुणाकडूनही होते. पण आज दोनला बोर्डाची माणसं येताहेत, युनियनचा विल्फ येतोय, वरती सगळ्यांना सांगून झालंय. आज सही होऊ दे. एप्रिलमध्ये वेळापत्रक फिरून बघतोच आपण, तेव्हा गुपचूप दुरुस्त करून टाकू."

"एप्रिलपर्यंत हिवाळा आहे, ट्रेव्हर."

"तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे गं."

"तीन-चार महिने तू रोखून धर की. बघू कसं जमतं ते."

तो हसला नाही. "मी तुझाच विचार करतोय. बैठकीत हे निघालं तर नाव तुझं निघणार. चार वर्षं एवढी मेहनत केलीस. परत खाली जाणार आहेस का? त्या गुडघ्यानं?"

तिनं ताव उचलले. दार लावताना तिला वाटलं ते जोरात आपटावं, पण ते दार हवेच्या नळीवर होतं, कितीही ढकललं तरी हळूच, सभ्यपणे बंद होणारं.

दोन वाजता लांब टेबलाभोवती सगळे बसले. बोर्डाची दोन माणसं. त्यांतली बाई कॉफीचा भलामोठा मग घेऊन बसलेली. समोर विल्फ सँडरसन, युनियनचा, अंगानं दाराएवढा, स्वतः अजून बावीस नंबर चालवणारा. ट्रेव्हरनं भिंतीवर जुनी रेषाच लावली. ०.९६. ठिपके रांगेत उभे. तो बोलत होता, विश्वासार्हता, अंदाज, मोकळ्या मिनिटांची गळती, आणि डार्लीन त्याच्या तोंडाकडे बघत होती. हा बोलतोय. खरंच बोलतोय. सगळं ठाऊक असून बोलतोय. पाऊण तास तो बोलला. मग सहीचा कागद विल्फकडे सरकला, विल्फनं खिशातून पेन काढलं, आणि डार्लीन उठून उभी राहिली.

"ती रेषा खोटी आहे," ती म्हणाली. "मी काढलीय आणि ती खोटी आहे." तिनं नवे ताव वाटले. माणसांचा रकाना तिनं सुटा कसा लावला, ते तिनं चार वाक्यांत सांगितलं. 

"एक मिनिट," ट्रेव्हर म्हणाला. "डार्लीनचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण थंडीत दारावरचे डोळे गोठतात, मूळ नोंदीही काही देवाघरच्या नाहीत. एका ठिकाणी एकोणीस, एका ठिकाणी एकशे एकतीस. खरा आकडा कुठला हे आज कोण सांगणार?"

"मी सांगते. एकोणीस."

विल्फनं डोकं वर केलं. त्याच्या नजरेत संशय होता. वरच्या मजल्यावरची माणसं आपापसात काहीतरी खेळ खेळताहेत, असा. "पाच वर्षं झाली त्याला," तो म्हणाला. "मला काल किती होते ते आठवत नाही. तुला कसं ठाऊक?"

"मी चालवत होते."

"चालवत होतीस, मान्य. पण एकोणीसच कशावरून?"

टेबल गुळगुळीत होतं. त्यात वरचे दिवे दिसत होते. न सांगताही चाललं असतं. बसून राहिली असती, विल्फनं खांदे उडवून सही केली असती, आणि उद्यापासून नेनितानं पट्टा हातात धरून गाडी चालवली असती.

"कारण मी बसल्या जागी मुतले," डार्लीन म्हणाली. "मिल रस्त्याच्या फाटकाला मालगाडी आडवी होती, अकरा-वीसपासून मला जायला मिळालं नव्हतं, आणि मी सीटवर बसल्या बसल्या मुतले. मागे जी माणसं होती, ती मी मोजली. एकोणीस होती. एकोणीसही मागच्या दारानं उतरली. मी गाडी सोडली ती त्यासाठी. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही."

ट्रेव्हर टाय सारखा करत होता. बोर्डाच्या बाईनं कॉफीचा मग टेबलावर ठेवला, आवाज होणार नाही असा. विल्फचं मोठं तोंड लाल झालं होतं. कुणाकडेच न बघता, हातातल्या पेनाला तो म्हणाला, "मी बाटली ठेवतो. सीटखाली. सोळा वर्षं झाली."

तिला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. "सोळा वर्षं?" ती म्हणाली. "आणि दहाची सात झाली तेव्हा याच टेबलावर सही कुणी केली होती, विल्फ? तुझी बाटली होती, म्हणून तुझं भागलं. नेनितानं काय करायचं? मी काय करायचं होतं? एकदा बोलला असतास तोंडानं! एकदा!"

"कसं बोलणार गं," विल्फ हळूच म्हणाला.

"असं. आत्ता मी बोलले तसं."

ट्रेव्हर उठला. कपाळावरचा घाम त्यानं बोटानं पुसला. "मला वाटतं आपण सगळ्यांनीच जरा... दहा मिनिटं थांबू या. पाय मोकळे करा. बाथरूम बाहेर उजव्या हाताला आहे."

खुर्च्या सरकल्या. बोर्डाची बाई सगळ्यांत आधी उठली.

"बसा," डार्लीन म्हणाली. ओरडली नाही, पण बाई अर्धवट उठलेली तशीच थांबली. "दहा कशाला? भिंतीवर रेषा आहे ना. तिच्याप्रमाणे तुम्हाला दोन पुरतात."

बाईनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा भिंतीकडे, आणि ती खाली बसली. तिच्या शेजारचा माणूसही बसला. ट्रेव्हर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. त्यानं तो काढून घेतला. विल्फनं पेनाचं टोपण लावलं आणि सहीचा कागद, कोराच, टेबलावरून परत ट्रेव्हरच्या जागेकडे ढकलला. डार्लीननं नवा ताव उचलला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली: तारीख, मिनिटं, माणसं. दोनशे चाळीस ओळी होत्या.